बाळाजीच्या हातावरची बाई

माणूस मृत्यूच्या दारात उभा राहिला की त्याला आयुष्याचा अर्थ उमगतो, असं थोरामोठ्यांनी लिहून ठेवलं आहे. ब्याण्णव सालच्या शिवरात्रीच्या आदल्या दिवशी बाळाजी मृत्यूच्या दारात उभा होता. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. डॉक्टरांच्या मते त्याला हर्निया होता.

"पाच दिवसांनी ऑपरेशन," कात्रपच्या पाण्याच्या टाकीखाली बसून बाळाजी म्हणाला. "भूल देणार. मग माणूस उठला तर उठला."

"उठतात रे सगळे," आण्णा म्हणाले.

"सगळे म्हणजे कोण, आण्णा? न उठलेले सांगायला येतात का?"

आण्णा हे पाणीखात्यातले निवृत्त हेडक्लार्क. निवृत्त होऊनही ते रोज सकाळी टाकीखाली येऊन बसत, कारण घरी त्यांचं कुणी ऐकत नसे आणि बाळाजी ऐकत असे. बाळाजी खात्याचा चावीवाला. छातीएवढी उंच लोखंडी चावी रस्त्यातल्या खड्ड्यात घालायची, बेचाळीस फेरे फिरवायचे, की अर्ध्या कात्रपचे नळ वाहू लागत आणि उरलेलं अर्धं कात्रप शिव्या देऊ लागे. मग दुसरा खड्डा, पुन्हा बेचाळीस फेरे, आणि शिव्यांची बाजू बदले. बावीस वर्षांत खात्याने त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या: एक खाकी शर्ट आणि हा हर्निया.

भुलीच्या भीतीवर त्याच्या बायकोने, विठाने, उपाय सांगितला होता. गोंदून घ्या.

"वर जाताना डोरलं, कपडे, समदं इथंच काढून घेतात," ती म्हणाली होती. "गोंदण तेवढं सोबत येतं. माज्या अंगावर अकरा हायेत. तुमच्या अंगावर काय हाय? घाम."

बाळाजीला ते पटलं. रिकाम्या हाताने कुठेही जाणं त्याला आवडत नसे. पण गोंदायचं काय? विठा म्हणाली, मारुती. आण्णांना हे कळताच ते हळहळले.

"मारुती कुणीही काढतो. कायमचं अंगावर राहणार, तर त्याला अर्थ नको?" असं म्हणून त्यांनी कापडी पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला. "हे टॅरो. विलायती भविष्याचे पत्ते. एकेका चित्रात आयुष्याचं सार आहे."

जोड उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातला होता. पाकिटावर इंग्लंडचं नाव होतं आणि शाई अजून बोटांना लागत होती. पत्ते अठ्ठ्याहत्तर असायला हवेत. आण्णांच्या जोडात एकाहत्तर होते. ते बदलून मागायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "साईं, इतने में भी पूरा नसीब आ जाता है." आण्णांना हे तत्त्वज्ञान वाटलं आणि ते परत आले होते.

बाळाजीने पहिला पत्ता उचलला. पांढऱ्या घोड्यावर हाडांचा सापळा.

"खंडोबा इतका वाळला कधी?"

"तो मृत्यू आहे. पण अर्थ चांगला आहे. नवी सुरुवात."

"आण्णा, मी ऑपरेशनला मृत्यू घेऊन जाऊ?"

दुसऱ्यावर एका उंच इमारतीवर वीज पडत होती आणि माणसं खिडक्यांतून खाली येत होती. तिसऱ्यावर एक इसम एका पायाने उलटा टांगलेला होता आणि तरी चेहऱ्याने समाधानी होता. आण्णा म्हणाले, तो ज्ञानासाठी स्वतःहून टांगून घेतो. बाळाजी म्हणाला, घेऊ दे.

चौथ्या पत्त्यावर त्याचा हात थांबला. आभाळात आठ चांदण्या, खाली तळं, तळ्याकाठी गुडघा टेकून बसलेली एक बाई. दोन्ही हातांत घागरी. एकीतलं पाणी ती तळ्यात ओतत होती, दुसरीतलं जमिनीवर.

"ही आपल्या खात्यातली दिसते," बाळाजी म्हणाला. मग जवळ नेऊन पाहिलं. "आण्णा, हिच्या अंगावर काही नाही."

"तू अर्थाकडे बघ."

"अर्थाकडेच बघतोय. अर्थालाच कपडे नाहीत."

आण्णांनी सोबतची पुस्तिका उघडली. "तारा. म्हणजे आशा. संकटातून सुटका. आणि हे ऐक, आजारातून बरं होणं."

"परत वाचा."

आण्णांनी परत वाचलं. बाळाजी पत्त्याकडे बघत बसला. त्या दिवशी पूर्वेच्या लाइनीला पाणी अर्धा तास उशिरा आलं.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथला, शिवमंदिराच्या जत्रेत, विठासकट तिघे जण गोंदणाऱ्या पुतळाबाईच्या पालासमोर उभे राहिले. पुतळाबाईची आई सुईने गोंदायची. पुतळाबाईने बॅटरीवरचं मशीन घेतलं होतं. मागच्या पत्र्यावर नमुने रंगवले होते: ओम, विंचू, मारुती, तुळस, बाण लागलेला बदाम. आण्णांनी पत्ता पुढे केला. तिने तो बघितला आणि पदराने झाकला.

"दादा, बायको सोबत हाय ना तुमच्या?"

"ही काय," विठा म्हणाली. "मीच म्हनलं, मारुती काढा. ह्यांचे साहेब म्हनतात, अर्थ पायजे."

"माज्या मशीननं आजवर उघडी बाई काढली नाय. लुगडं नेसवीन. पटत असंल तर बसा."

आण्णांनी विचार करून सांगितलं की लुगड्याने अर्थ बदलत नाही. बाळाजी गोणपाटावर बसला, उजवा हात पुढे केला, आणि पुतळाबाई समोर बसून शाई लावू लागली. तेव्हा आण्णा ओरडले.

"थांबा! कुठल्या बाजूने काढताय? डोकं त्याच्याकडे झालं पाहिजे की बोटांकडे?"

"मी समोरून काढते. समोरच्याला सरळ दिसतं."

"म्हणजे त्याला उलटं दिसणार!" आण्णा पुस्तिका फडफडवत म्हणाले. "उलटा पत्ता म्हणजे उलटा अर्थ. निराशा. आजार लांबणं."

बाळाजीने हात मागे घेतला.

"गोंदण सोताला बघायला असतं का?" पुतळाबाई म्हणाली. "सोताला बघायचं तर आरसा घ्या, तीन पालं सोडून हाय."

"यमाचा मानूस बी समोरूनच बघनार," विठाने पाठिंबा दिला.

बाळाजीचा चेहरा उतरला. बेचाळीस फेऱ्यांत उलट-सुलट कधी न चुकलेला हा माणूस स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. शेवटी त्याने मुद्द्याचा प्रश्न विचारला. "ऑपरेशनला डॉक्टर कुठून बघणार?"

हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून बाळाजी गोणपाटावर आडवा झाला. "समज हे टेबल. विठा, तू डॉक्टर. हो उभी."

"कुठं उभी राहू?"

"हर्निया कुठं आहे, तिथं."

विठा पोटाजवळ उभी राहिली. बाळाजीने मेल्यासारखे डोळे मिटले आणि हात बाजूला सोडला. आण्णा त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरून कोन पाहू लागले. एवढ्यात फुगेवाल्याजवळची एक म्हातारी ओरडली, "आगं बया, फीट आली ह्याला! चप्पल हुंगवा!" आणि कुणाच्या लक्षात काही येण्याआधी कुणीतरी चामड्याची चप्पल बाळाजीच्या नाकाला लावली. भेळवाला अर्धा कांदा घेऊन धावत आला. बाळाजी "ठीक आहे, ठीक आहे," म्हणत होता, पण फीट आलेला माणूस असंच म्हणतो, हे गर्दीला ठाऊक होतं. दोघांनी त्याचे पाय धरले.

"सोडा त्यांना!" विठा कडाडली. "ऑपरेशन चाललंय!"

गर्दी पांगायला दहा मिनिटं लागली. भेळवाला कांदा परत घेऊन गेला. बाळाजी उठून बसला, नाक पुसलं, आणि शांतपणे म्हणाला, "समोरून काढा."

"अरे, तुला निराशा दिसेल," आण्णा म्हणाले.

"मला दिसू दे. मी झोपलेलाच असणार. आशा डॉक्टरला पाहिजे."

यावर आण्णांनी पुस्तिका मिटली. मशीन गुरगुरू लागलं. बाळाजीने ओठ दाबले आणि सवयीने फेरे मोजायला लागला. मध्येच त्याने तिला थांबवलं. "ती जमिनीवर ओततेय ते नको. बावीस वर्षं लोकांना सांगतोय, पाणी सांडू नका."

"मला ओतताना जमत नाय," पुतळाबाई म्हणाली. "मी आपली एक घागर डोक्यावर देते, एक कडेवर."

"मग ती तारा कसली?" आण्णा कळवळले. "ती पाणी देणारी आहे, तुम्ही भरणारी केलीत!"

"आमच्यात बाया भरतात," पुतळाबाई म्हणाली आणि चांदण्यांच्या जागी आठ टिंबं दिली.

झालं तेव्हा बाळाजीच्या हातावर नऊवारी नेसलेली, अंबाडा घातलेली, दोन घागरी घेऊन निघालेली एक बाई होती. कपाळाला कुंकू. विठा वाकून बराच वेळ बघत राहिली. बाळाजीचं घर पाइपलाइन संपते त्याच्याही पलीकडे, वाडीवर होतं. अर्ध्या कात्रपला पाणी सोडणाऱ्या माणसाच्या घरी नळ नव्हता. विठा बावीस वर्षं विहिरीवरून भरत होती. एक घागर डोक्यावर, एक कडेवर.

"चालताना पाऊल असंच टाकते मी," ती म्हणाली. "डावा खांदा खाली."

"मी कुठं सांगितलं तिला," बाळाजी म्हणाला. तो बायकोकडे न बघता हाताकडे बघत होता. त्याच्या बाजूने ती बाई डोक्यावर उभी होती.

आण्णा परत येताना रस्ताभर पुस्तिका चाळत होते. या बाईचा अर्थ त्यांना कुठे सापडला नाही. बहुधा ती नसलेल्या सात पत्त्यांत असावी, असं त्यांचं मत पडलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सने त्याचा शर्ट काढून त्याला हिरवा झगा घातला. हात अजून सुजलेला होता.

"हे काय नवीन? कोण आहे ही?"

बाळाजीने आशा, संकटातून सुटका, आजारातून बरं होणं, सगळं पाठ केलं होतं. तो म्हणाला, "आमची घरची."

"छान आहे," नर्स म्हणाली आणि त्याला आत ढकलत घेऊन गेली. दाराबाहेर विठा बाकावर बसली होती. तिने हात वर केला. त्यानेही केला.

आत त्यांनी त्याच्या छातीवर आडवा पडदा लावला. दोन्ही हात अलीकडे राहिले, डॉक्टर पलीकडे. भूल फक्त कमरेखाली दिली होती. ऑपरेशन पंचवीस मिनिटं चाललं आणि बाळाजी सगळा वेळ जागा राहून हातावरच्या उलट्या बाईकडे बघत होता.