मावशींच्या दंडाचा आकडा

मी रक्तदाब मोजायचं यंत्र बोलतोय. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, दुरुस्तीच्या टेबलावर पडलोय. अंगावर चिठ्ठी आहे, 'खोटे आकडे दाखवतं.' मी! जन्मात एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, आणि माझ्यावर हा आळ!

कारखान्यातून निघताना मला बारा वेळा तपासलं होतं. मग दवाखान्यानं मला भिंगकाकांच्या घरी धाडलं. काम सोपं. सकाळी पट्टा दंडाला गुंडाळायचा, बटण दाबायचं. मी मोजलेला आकडा आपोआप दवाखान्यातल्या सिस्टरांकडे आणि परगावच्या लेकीच्या फोनवर जायचा. बरा असला की हिरवा, चढला की लाल.

भिंगकाकांनी चाळीस वर्षं चष्म्यांची भिंगं घासली. बायको गेली, दुकान विकलं, पण खिडकीपाशी कामाचं टेबल राहिलं. कुणाच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला की तिथे बसून आवळून द्यायचे आणि वर चार गोष्टी ऐकवायचे. त्या टेबलावर त्यांचा भारी जीव.

पहिले तीन दिवस आकडा लालच आला. लेकीचा फोन खणखणला. "बाबा, आणखी एकदा लाल दिसलं ना, तर मी येणार, घराला कुलूप लावणार आणि तुम्हाला इकडे आणणार. माझं काही ऐकायचं नाही, असं चालणार नाही."

"अगं, गोळी विसरलो होतो," काका म्हणाले. गोळी विसरले नव्हते. मी समोरच होतो.

चौथ्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशी कणीक मळून हात धूत होत्या.

"मावशी, जरा दंड द्या."

"अगंबाई! कशाला?"

"द्या तर खरं."

एकशे अठरा, शहात्तर. हिरवा! मावशी हसत सुटल्या. "काका, असंच चाललं तर दवाखाना गोळ्या मलाच पाठवेल हो!"

मला आकडा कळतो, हात कुणाचा ते सांगायला तोंड कुठे आहे? चाळीस दिवस असंच चाललं. सिस्टर आधी कौतुक करायच्या, "काका, अगदी तरुणासारखं हं!" पुढे त्यांचा फोन बंद झाला. ठणठणीत माणसाला कोण कशाला फोन करेल?

लेकीचंही तेच झालं. रोज संध्याकाळी बोलणारी ती आठवड्यातून एकदा बोलायला लागली. मग तेही सुटलं. "बाबा, हिरवं बघते रोज, जीव भांड्यात पडतो," एवढाच निरोप. घर राखलं, पण फोन मुका झाला. संध्याकाळी काका माझा पट्टा उगाच दंडाला गुंडाळून बसायचे. बटण दाबायचे नाहीत. "काय रे डबड्या, आज कुणीच नाही बोललं," म्हणायचे. मला फार वाईट वाटायचं.

मावशींनाच अखेर राहवलं नाही. "काका, तुमचे पाय सुजलेत. जिना चढताना धापा टाकता. आता माझा हात मिळायचा नाही. मी चार दिवस माझ्या लेकीकडे चाललेय, तोवर स्वतःचा हात वापरा." आणि पिशवी उचलून निघाल्या.

काकांनी मला पुढ्यात ओढलं. मग पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे शहाऐंशी, एकशे आठ. मी खरं ते सांगितलं आणि पाठवून दिलं. वाटलं, आता तरी कुणी धावेल.

आधी लेकीचाच फोन आला. "बाबा! काय होतंय? मी निघते."

किती दिवसांनी तिचा आवाज! खरं बोलायचं, एवढंच करायचं होतं. काकांनी खिडकीपाशच्या आपल्या टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला काही नाही गं. यंत्रच बिघडलंय. तू बोल ना जरा. नातू कसा आहे?"

तिनं सिस्टरांना विचारलं. सिस्टरांनी चाळीस दिवसांचे हिरवे आकडे पाहिले, माझेच! त्यांनाही पटलं. "काका, ते परत पाठवा. नवं चार दिवसांत येईल." काकांनी मला खोक्यात ठेवलं. वर चिकटपट्टी लावली. "माफ कर रे," म्हणाले.

आज तिसरा दिवस. दुरुस्तीच्या ताईंनी आत्ताच मला स्वतःच्या दंडाला बांधलं, दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिलं. "अरेच्चा, हे तर अचूक आहे!" म्हणाल्या आणि चिठ्ठी फाडून टाकली. माझं नाव राखलं, उपकार झाले. पण आता मला दुसऱ्या घरी पाठवायचंय, म्हणून जुने आकडे पुसायला त्यांचं बोट बटणावर आलंय.

ताई, थांबा हो! अचूक म्हणता ना मला? मग शेवटचा आकडा नीट बघा. तो खुद्द भिंगकाकांचा आहे, आणि ते तीन दिवस घरात एकटे आहेत. आधी फोन लावा. उचलला नाही, तर वाट बघू नका, माणूस पाठवा. किल्ली शेजारच्या शिंप्याकडे असते. त्याला कमी ऐकू येतं, मोठ्यानं हाक मारायला सांगा.