भिंतीतला खट्ट

“गेला! गेला!” बायकांचा एकच गलका झाला. घरातले सगळे दिवे एका क्षणात विझले होते. दिवाणखान्यात निम्मा मोहल्ला कोंबलेला, आणि मी बंद दाराआड बाळाला छातीशी धरून अंधारात.

“वीज गेली असती, तर विजेची किटली उकळली असती का?” झाडपाला आणि मंत्रतंत्र करणारा कुदरत तबीब गरजला. “किटली चालू, दिवे बंद! भिंतीत जिन आहे, जिन! आणि तो केलिनबरोबर या घरात आलाय.”

केलिन म्हणजे या घरची सून, म्हणजे मी, मोहिदिल. आमच्या कोकंद शहरात बाळंतिणीच्या चिल्ल्यात, चाळीस दिवस, खोलीतला दिवा विझू देत नाहीत. आमचा विझायचा. मग या तबीबाने नियमच काढला की दिवा विझला की चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मला कोंडून त्र्याहत्तर दिवस झाले होते आणि त्याच्या हिशेबाने आज पुन्हा पहिला होता! खिडकीवर रजई ठोकलेली, दाराला बाहेरून कडी. श्वास पुरेनासा व्हायचा.

“आता एकच उपाय,” तो म्हणाला. “उद्या केलिन माहेरी. बाळ इथेच.”

“तुम्ही म्हणाल तसं,” सासूबाई म्हणाल्या. माझा नवरा इलहोम चकार शब्द बोलला नाही. मला जिनापेक्षा त्याचाच संताप आला.

त्र्याहत्तर दिवस भिंतीला टेकून बसलं की कान तयार होतात. दर वेळी दिवे जाण्याआधी भिंतीपलीकडे ‘खट्ट’ व्हायचं. पलीकडे कोठीत इलहोमनेच बसवलेला डबा होता. बाहेरच्या दारापाशी एक बटण दाबलं की सगळ्या घराचे दिवे लागावेत म्हणून. माझे वडील जिनिंग गिरणीत वायरमन, त्यामुळे हा खट्ट मी लहानपणापासून ओळखते. आणि त्याआधी तबीब न चुकता म्हणायचा, “जिनाला थंडी वाजतेय, मोठा हीटर लावा!”

मी दार बडवलं. “तबीबसाहेब, तुमचा हीटर तसाच राहू द्या. मी तीन म्हटलं की दिवे लागतील. एक, दोन, तीन!”

मी माझ्या खोलीतल्या हीटरचा प्लग उपटला. खट्ट. लख्ख उजेड. प्लग पुन्हा लावला, खट्ट, अंधार.

मला वाटलं, जिंकले. पण बाहेर किंकाळ्या उठल्या. “बघा! जिन हिचंच ऐकतो!” तबीब आनंदाने ओरडला. मी स्वतःच स्वतःभोवतीचा फास आवळला होता.

“ओयीजान,” मी सासूबाईंना हाक मारली, आवाज रडवेला झाला होता, “तुम्ही आत या. मी हात लावत नाही. तुम्हीच उपटा.”

मग कडी निघाली. सासूबाई चाचपडत आल्या, बिस्मिल्ला म्हणाल्या आणि प्लग ओढला. खट्ट. उजेड.

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा ओढला. चार वेळा. पाचव्या वेळी त्या तबीबाकडे वळल्या. “आता जिन माझंही ऐकायला लागला की काय?”

तबीबाने टोपी सारखी केली आणि जोडे शोधायला लागला.

मग मी सगळ्यांना कोठीत नेऊन डबा उघडून दाखवला. आत कॉन्टॅक्टर असतो. वीज आली की त्याच्या गुंडाळीचं लोहचुंबक होतं, ते पट्ट्या ओढून धरतं आणि दिवे लागतात. हिवाळ्यात घरोघरी हीटर पेटतात, विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, पडतो. वर आणखी एक हीटर लावला की चुंबकाची पकड सुटते. किटलीची वायर या डब्यातून जातच नाही, म्हणून ती उकळत राहते. जो हीटर लावेल, त्याच्या हातून दिवे जातील. मग तो तबीब असो की सासू.

म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर तो स्वतःच्या हाताने करून बघा. आणि घरात दिवे गेले, तर सुनेला कोंडण्याआधी डबा उघडा.

इलहोम म्हणाला, “मला आधी कळायला हवं होतं.” बाळाला घेतलं आणि त्र्याहत्तर दिवसांनी अंगणात गेले.