काळी जीभ आणि झाकलेला चौकोन

भर दुपारी दुलमाच्या गेरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या सात-आठ गेरांतली माणसं कुणी घोड्यावरून, कुणी मोटरसायकलवरून आली होती आणि त्या गोल तंबूच्या लोकरी भिंतींना चिकटून बसली होती. सगळ्यांचे डोळे छताच्या दांडीला टांगलेल्या एका बल्बवर होते. बटण चालू होतं, पण बल्ब चार दिवस मेलेला होता. त्याच्याखाली झायरान बसला होता. झायरान म्हणजे ज्याच्या अंगात पूर्वज येतात तो. तोंडावर काळ्या दोऱ्यांची झालर, हातात डफ, आणि आवाज असा की पोरांनी आईच्या कुशीत तोंड लपवावं. तासाभरानं, कुणीही हात न लावता, बल्ब पेटला.

म्हाताऱ्यांनी कपाळं जमिनीला टेकवली. दुलमाला रडू आवरेना. तिची सून होर्लो मात्र चुलीपाशी, दोन वर्षांच्या सोलोंगोला मांडीवर घेऊन गप्प बसली होती. ती गप्प बसली होती, कारण तिला बोलायची बंदी होती.

वसंतात तीन दिवस धुळीचं वादळ झालं, तेव्हा घरातला सौर दिवा पहिल्यांदा बंद पडला. बॅटरीवर चालणारा फोनही गेला. दुलमानं झायरानला बोलावलं. वादळ ओसरल्यावर, लख्ख उन्हात तो आला, बाहेरचं पॅनेल दुधानं भिजवलेल्या फडक्यानं पुसलं, डफ वाजवला, आणि दिवा लागला. मग त्यानं गेरभर नजर फिरवली आणि सांगितलं, या घरात एक काळी जीभ आहे. तिच्या बोलण्यानं पूर्वजांचा उजेड विझतो. होर्लो दुसऱ्या प्रांतातून आलेली, मोठ्यानं हसणारी, बडबडी बाई. बोट कुणाकडे वळणार हे उघड होतं. एकोणपन्नास दिवस तिनं घरात आणि घराभोवती शब्द काढायचा नाही, असं ठरलं. पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यावर झायराननं तळहाताएवढा चामड्याचा तावीज बांधला. तो दुसऱ्या कुणी सोडला तर घरात मरण येईल, म्हणाला.

नवरा, बादराल, एक संध्याकाळ आईशी भांडला. दुसऱ्या दिवशी गुरं घेऊन लांबच्या कुरणावर निघताना होर्लोला म्हणाला, "आईचं मन राख." होर्लोला झायरानपेक्षा त्याचाच राग जास्त आला.

दिवा तरीही आठवड्याभरात विझायचा. झायरान यायचा, धूप दाखवायला म्हणून आधी तावीज सोडायचा, डफ बडवायचा, दिवा लागायचा, तावीज पुन्हा बांधायचा, आणि जाताना एक मेंढी मोटरसायकलला बांधून न्यायचा.

होर्लोनं सगळं सोसलं असतं. पण सोलोंगो नुकती बोलू लागली होती. चहा, घोडा, आजी, ये, नको, असे वीसेक शब्द तिच्याकडे जमले होते. आई बोलेना, आजी आईशी बोलेना, तसे त्या पोरीचे शब्द एकेक करून गळाले. एकतिसाव्या दिवशी तिला तहान लागली तेव्हा तिनं आईची बाही ओढली आणि भांड्याकडे बोट दाखवलं. तोंड उघडलंच नाही. त्या क्षणी होर्लोच्या मनातली भीती संपली आणि तिथे नुसता संताप उरला.

सासू शेळ्यांचं दूध काढायला गेली तेव्हा तिनं बादरालचा, मोटरसायकलची वीज तपासायचा मीटर काढला. आधी बॅटरीची टोकं पाहिली; घट्ट होती, पांढरी बुरशीही नव्हती. बॅटरीतलं पाणी पुरेसं होतं. फ्यूज शाबूत. तारा बोटांनी चाचपत ती पॅनेलपर्यंत गेली. कुठे तुटलेलं, उंदरानं कुरतडलेलं काही नव्हतं. बॅटरी मात्र रिकामी होती. म्हणजे ऊन आत येतच नव्हतं. तिनं मीटर पॅनेलच्या तारेत जोडला. काटा जेमतेम हलला. एवढ्या उन्हात? मग तिनं तावीज वर उचलला, आणि काटा झरकन चढला. खाली ठेवला, पडला. पॅनेलचे छत्तीस चौकोन एकाच माळेत ओवलेले असतात, हे तिला शाळेत शिकवलं होतं. एक चौकोन पुरता झाकला की सगळी माळ अडते.

तिनं तावीज होता तसा ठेवला, आणि वाट पाहिली.

अडतिसाव्या दिवशी पुन्हा गर्दी जमली. झायरान तावीज सोडायला पॅनेलकडे निघाला तर होर्लो आडवी उभी. आवाज घोगरा झाला होता. "तावीज राहू दे, बाबा. आज नुसते मंत्र म्हणा."

"बघा, जीभ हलली," झायरान लोकांना म्हणाला. "आता दिवा लागायचा नाही."

"पोरी, गप्प बस," दुलमा कळवळून म्हणाली.

"सदतीस दिवस गप्प होते, आई. तरी दिवा विझलाच ना? मग तो कुणाच्या जिभेनं?"

होर्लोनं ताविजाच्या गाठीला हात घातला तसा झायरान ओरडला, "हात लावू नकोस, कंट्रोलर जळेल!"

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये जोडलेल्या डबीला तो आतापर्यंत पूर्वजांची पेटी म्हणत आला होता. दुलमा हळूच म्हणाली, "काय जळेल म्हणालात?" शेजारचा एक गुराखी पुढे आला. हा शब्द त्यानं फक्त पॅनेलं बसवायला ट्रकमधून आलेल्या माणसांच्या तोंडी ऐकला होता. लोकांनी घेरून विचारल्यावर झायरानला कबूल करावं लागलं, दोन उन्हाळे तोही त्या ट्रकवर होता. कोणता चौकोन झाकायचा, बॅटरी रिकामी झाली की डबी दिवा तोडते आणि थोडी भरली की आपोआप जोडते, हे सगळं त्याला तिथेच कळलं होतं.

होर्लोनं तावीज काढून जमिनीवर टाकला. डफ वाजला नाही. लोक खारा चहा पीत बसले, आणि पाऊण तासात बल्ब पेटला.

झायरानला कुणी मारलं नाही. तो निघून गेला. पुढे दुसऱ्या प्रांतात दिसला म्हणतात. दुलमानं सुनेला दोन्ही हातांनी चहाचा वाडगा दिला. होर्लोनं घेतला, पण हसून तिचं ओझं हलकं केलं नाही. बादराल परतल्यावर तिनं विचारलं, "आईचं मन राखलं. पोरीचं कोण राखणार होतं?" सोलोंगोच्या तोंडून पुन्हा पहिला शब्द फुटायला हिवाळा उजाडला.

तोवर होर्लो मीटर घेऊन प्रत्येक गेरमध्ये जाऊन आली. सात पॅनेलांवर तसाच तावीज, त्याच कोपऱ्यात. एका घरच्या म्हातारीनं गाठीपाशी नेलेला हात मागे घेतला; काही झालं तर, म्हणाली. होर्लोनं तिच्या शेजारी बसून सांगितलं, "आजी, दिवा बंद पडला तर आधी काच पुसा. मग बॅटरीचं पाणी बघा, टोकं बघा, फ्यूज बघा, तारा बघा. एवढं करूनही लागला नाही तर दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. पण घरातल्या बाईकडे बघू नका. तिच्यात वीज नसते."

म्हातारीनं गाठ स्वतः सोडली.