दोघे आत, एक बाहेर

मित्रांनो, मला पाहून लोक तंबू म्हणतात. मी रागवत नाही. पण तंबूत माणसे झोपतात आणि माझ्यात माणसे लपतात. मी एक जुने लपण आहे. पक्ष्यांचे फोटो काढणारे माझ्यात बसतात आणि माझ्या खिडकीतून कॅमेऱ्याचे नाक तेवढे बाहेर काढतात. उंचीला मी माणसाच्या छातीइतके, आणि आत एक स्टूल मावेल एवढी माझी जागा.

माझा जन्म गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्या दुकानात झाला. मला शिवणारे गृहस्थ माझे मालक. त्यांची बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, रोखा, सोडा" म्हणायचे आणि त्यांची हाडे टिपायची, हे तिचे काम. सुट्टीच्या दिवशी मात्र ती कॅमेरा गळ्यात अडकवून पक्ष्यांमागे फिरे. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते.

मालकांनी मला आधी चंदेरी कापडात शिवले. गाडी झाकायच्या कव्हराचा तुकडा उरला होता. बाईंनी मला दुकानाबाहेर उभे केले, चारी बाजूंनी पाहिले आणि म्हणाल्या,

"अहो, हे लपायला शिवलंय की दिसायला?"

"कापड एक नंबर आहे. उन्हात तापणार नाही."

"तापणार नाही, पण चमकतंय किती. पक्षी काय गाडी लावायला येणार आहेत?"

मालकांनी मला मुकाट्याने उसवले आणि मातकट हिरव्या ताडपत्रीत पुन्हा शिवले. शिवण दुहेरी, सीटला घालतात तशी. दाराला त्यांनी वेलक्रो लावला होता. पहिल्याच दिवशी कालव्याच्या काठी बाईंनी दार उघडले, चर्र असा आवाज झाला आणि कालव्यातले सगळे बगळे एकदम उडाले. दुसऱ्या दिवशी वेलक्रो जाऊन तिथे कापडी नाड्या आल्या. त्या अजून आहेत.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. गावाबाहेर कालव्याच्या काठी एक बंद पडलेले पंपघर आहे. त्याच्या विटांच्या भिंतीत एक भोक आहे आणि दर वसंतात त्या भोकात हुदहुदांचे जोडपे घर करते. हुदहुद तुम्ही पाहिला असेल. अंग तांबूस, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, आणि डोक्यावर पंख्यासारखा उघडझाप करणारा तुरा. रूप राजाचे, पण घर अगदी घाण. पिल्ले असली की त्या भोकातून असा वास येतो की माझ्या ताडपत्रीलासुद्धा नको होते. बाई नाकाला रुमाल बांधून बसायच्या.

आमची पद्धत ठरलेली होती. दोघे नवरा-बायको बरोबर चालत माझ्यापाशी यायचे. दोघे आत शिरायचे. मालक स्टूल नीट लावायचे, पाण्याची बाटली पायाशी ठेवायचे. मग बाई म्हणायच्या, "आता तुम्ही निघा. सरळ पुलापर्यंत जा आणि तिथेच थांबा."

मालक निघायचे. पुलाच्या कठड्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायचे आणि दोन तासांनी बाईंना न्यायला यायचे. फोमच्या भुशाने त्यांना कायमचा खोकला होता. आपण खोकतो म्हणून ही आपल्याला घालवते, अशी त्यांनी मनाशी समजूत करून घेतली होती. शेजारचा सुतार त्यांना विचारायचा,

"काय मग, काल फोटो काढले की नाही?"

"फोटो ती काढते. मी तिला सोडतो आणि परत आणतो."

"म्हणजे ड्रायव्हरच की."

"ड्रायव्हरला निदान गाडीत बसू देतात."

असे अकरा वसंत गेले. बाईंचे फोटो दवाखान्याच्या भिंतीवर लागले. एक्स-रेसाठी ताटकळलेले लोक ते पाहत बसत. घरी बाईंची एक वही होती. दर वसंताचे एक पान, आणि पानावर त्या वर्षीचा एकच फोटो चिकटवलेला. फोटोंचे कौतुक झाले की मालक सर्वांत मागे उभे राहायचे. माझे नाव तर कोणी घेतलेच नाही. त्याचे मला काही वाटले नाही. दिसू नये म्हणूनच तर मला शिवले होते.

त्यानंतरच्या थंडीत बाई आजारी पडल्या आणि वसंत यायच्या आत गेल्या.

मी दुकानाच्या माळ्यावर, फोमच्या गुंडाळ्यांमागे पडून राहिले. एका गिऱ्हाइकाने मला पाहून विचारले, "हे कापड देता का? स्कूटर झाकायला होईल." मालक म्हणाले, "नाही." एवढेच म्हणाले आणि मशीन चालू केले. पण मला खाली काही उतरवले नाही. उंदराने माझा एक कोपरा खाल्ला.

झाडांना पालवी फुटली तेव्हा एका सकाळी शिडी लागली. मालकांनी मला झटकले, उंदराच्या भोकाला ठिगळ लावले आणि पंपघरापाशी नेऊन उभे केले. पक्ष्यांना सवय व्हावी म्हणून चार दिवस तसेच ठेवले. हे बाईंचे पाहून त्यांना ठाऊक होते. पाचव्या दिवशी सकाळी ते कॅमेरा घेऊन एकटेच आले. बाईंच्या वहीतले या वर्षीचे पान कोरे राहू नये, इतकीच त्यांची इच्छा होती.

ते आत शिरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते स्टुलावर बसले. खोकला येऊ नये म्हणून त्यांनी टॉवेलचे टोक तोंडात धरले होते.

भोकात पिल्ले ओरडत होती. थोड्या वेळाने पंपघरावरच्या विजेच्या तारेवर हुदहुद येऊन बसला. चोचीत जाडजूड अळी होती. त्याने तुरा उभारला, माझ्याकडे पाहिले आणि अळीसकट उडून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मग मादी आली. तीही तारेवरून पुढे सरकेना.

मालकांना वाटले, आपण हललो. ते आणखी आखडून बसले. मला खरे कारण ठाऊक होते, पण कापडाला तोंड नसते. तास झाला, सव्वा तास झाला. पिल्लांचा आवाज बारीक होत गेला, मग थांबला. मालकांचा खांदा माझ्या कापडाला टेकलेला होता. त्यांनी फोन काढला आणि मेहुणीला लावला. मेहुणी म्हणजे बाईंची धाकटी बहीण. तीही पूर्वी बाईंबरोबर पक्षी पाहायला जायची.

"अगं, पक्षी घास घेऊन येतात आणि तसेच परत जातात. पिल्लं गप्प झालीत. माझ्या हातून काहीतरी झालंय."

"भाऊजी, कुठे आहात तुम्ही?"

"लपणात."

"आणि बाहेर कोण गेलं?"

"कोण जाणार? मी एकटाच आलोय."

"मग कसे येतील ते? त्यांनी तुम्हाला आत शिरताना पाहिलंय. दोघं आत गेली आणि एक बाहेर पडलं की त्यांना वाटतं, संपलं, माणूस गेला. त्यांना मोजता येत नाही. ताईनं सांगितलं नव्हतं?"



"सांगितलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, खोकल्याचं मला वाईट वाटू नये म्हणून असं सांगतेय."

"खोकता तुम्ही, हेही खरंच आहे. पण आता आधी बाहेर निघा. सरळ पुलावर जा. मी दुर्बीण घेऊन येते."

मालक असे उठले की स्टूल उलटले. कॅमेरा आतच राहिला. ते पुलाकडे जवळजवळ पळतच गेले. माझी मागची झडप उघडी होती, तिच्यातून मला ते दिसत होते. आज ते कठड्यावर बसले नाहीत. उभेच होते.

मित्रांनो, पुढची पाच मिनिटे मी कधी विसरणार नाही. मादी तारेवर आली. तिने पुलाकडे जाणारा माणूस पाहिला होता. ती खाली उतरली, भोकाशी गेली, आणि आतून एकदम गलका उठला. पिल्ले जिवंत होती, भुकेने चिडलेली होती. मागोमाग नर आला. मी सगळे पाहिले आणि पुलावरच्या माणसाला काहीच सांगू शकले नाही. तो आपला पाठमोरा उभा. भोकाकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

अर्ध्या तासाने मेहुणीची स्कूटर आली. तिने आधी स्वतः दुर्बीण लावली, मग त्यांच्या हातात दिली.

"बघा."

"तूच सांग."

"नाही, तुम्हीच बघा. मी सांगितलं तर म्हणाल, वाईट वाटू नये म्हणून सांगतेय."

मालकांनी दुर्बीण लावली. बराच वेळ खाली केली नाही. मग त्यांचे ताठलेले खांदे सैल झाले, ते कठड्यावर बसले आणि पोटभर खोकले. सकाळपासून अडवलेला सगळा खोकला त्यांनी एकदाच सोडला. मेहुणी त्यांची पाठ चोळत होती आणि दोघेही हसत होते.

दोन दिवसांनी ती दोघे मिळून आली. दोघे आत शिरले. मेहुणी मोठ्याने "येते हो" म्हणाली आणि पाय आपटत पुलाकडे गेली. सहाव्या मिनिटाला हुदहुद भोकाशी उतरला. मालकांनी तीन फोटो काढले. दोन हलले. तिसऱ्यात नर तुरा उभारून पिल्लाच्या उघड्या चोचीत नाकतोडा घालतो आहे. मालकांनी आणखी काढले नाहीत. मेहुणीला फोन करून न्यायला बोलावले आणि ती येईपर्यंत खिडकीशी शांत बसून राहिले.

सुताराने तो फोटो पाहिला आणि म्हणाला, "ड्रायव्हरला बढती मिळाली म्हणायची."

"ड्रायव्हर कसला," मालक म्हणाले. "मी पुलावर गेलो नसतो, तर तिला अकरा वर्षांत एकही फोटो मिळाला नसता." हे सांगताना त्यांचा आवाज मोकळा होता. बाई गेल्यापासून तसा मी तो ऐकला नव्हता.

आता मी म्हातारे झाले आहे. पण मालक मला ओले कधी घडी करत नाहीत, आधी उन्हात वाळवतात, म्हणून टिकून आहे. तुमच्याकडे माझ्यासारखे कोणी असेल तर त्यालाही तेवढे करा. आणि आणखी एक मागणे आहे. वसंतात तुम्ही कॅमेरा घेऊन बाहेर पडाल, तेव्हा घास चोचीत धरून ताटकळलेला पक्षी दिसला तर फोटोची वाट पाहू नका. उठा आणि चांगले लांब जा. त्याला तुम्ही जाताना दिसू द्या. एक घास पिल्लाच्या तोंडात पडला, हे लांबून पाहिले तरी किती हलके वाटते, ते मी पुलावर उभ्या असलेल्या एका माणसाच्या खांद्यांवरून पाहिले आहे.