चव्वेचाळीसच्या आधीचं अक्षर

पावणेबाराला नोंदणी कक्षातला फोन वाजला. डोळ्यांच्या विभागातली झोर्का होती.

"नेवेना, अगं कुणाला पाठवलंयस माझ्याकडे? पोराची नजर घारीसारखी आहे. पण बसलाय पोट धरून, घामानं नुसता चिंब. काय दुखतंय बाळा, विचारलं, तर म्हणतो, डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय."

"मग लिहिलंच असेल. तूच चष्मा लाव!"

हसत हसतच नेवेनानं सकाळी आठची चिठ्ठी काढली. लाझार, वय एकोणीस, चर्चमधला गायक. पुढं ना आजाराचं नाव, ना डावं-उजवं, ना दुखणं कधीपासूनचं. सकाळी त्याला तपासणाऱ्या डॉक्टर पेन्चेवांच्या घाईतल्या हस्ताक्षरात फक्त एक अक्षर आणि चव्वेचाळीस.

पोट धरून? तिनं ते अक्षर पुन्हा नीट पाहिलं. आजारांचे क्रमांक रोमन अक्षरांत लिहायचे असतात, म्हणून तिनं ते अक्षर एच वाचलं होतं. एच चव्वेचाळीस, नेत्रगोलाचा विकार. डॉक्टरांनी मात्र लिहिला होता आपल्या बल्गेरियन लिपीतला न. दिसायला दोन्ही सख्खी जुळी! एन चव्वेचाळीस म्हणजे वृषणाला पडलेला पीळ. सहा तासांत सोडवला नाही, तर वृषण हातचं जातं.

"झोर्का, विचार त्याला, कधीपासून दुखतंय?"

पलीकडे कुजबुज झाली. झोर्काचा आवाज पार बदलला. "पहाटे चारपासून. डावीकडे सुजलंय म्हणतो. बायकांसमोर सांगायची लाज वाटली. अरे वेड्या, तीन मुलगे वाढवलेत रे मी!"

नेवेना जिना उतरत धावली. "प्रभू, त्या लेकराकडे बघ," एवढंच तोंडात. रुग्णाची ढकलगाडी तिनं स्वतः शस्त्रक्रियागृहापर्यंत ढकलत नेली.

दीड वाजता पेन्चेव शस्त्रक्रियागृहातून बाहेर आले. "काळं पडलं होतं. काढावं लागलं. दुसरं टाके घालून नीट बसवलंय, त्याला तरी पीळ पडणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नेवेनाबाई, रुग्ण उशिरा आला असं लिहा. आपल्या दोघांचीही अब्रू राहील."

आठपासून ते पोर इथंच, आपल्याच इस्पितळातल्या बाकावर, दात आवळून बसलं होतं!

"तो वेळेत आला होता, डॉक्टर."

तिनं नोंदवहीत अख्खी वाक्यं लिहिली. आठ वाजता आला. डाव्या वृषणाला पीळ. अक्षर मी चुकीचं वाचलं, डॉक्टरांना विचारलं नाही. खाली सही केली आणि वही त्यांच्यापुढं सरकवली.

"ही माझी चूक झाली. आता तुमची लिहा."

पेन्चेवांनी खिशातलं पेन काढलं. मग बसले आणि लिहू लागले.