म्हसोबाला बोललेलं कोकरू

केरबा धनगराने सकाळी अंजनाच्या रानात बसवलेली मेंढरं मोजली. एकशे बारा उभी होती, एक मेंढी मरून पडली होती आणि तिच्या पोटाशी दोन कोकरं होती. त्यांतलं एक थंड झालं होतं. दुसऱ्याच्या तोंडात अंजनाने बोट घालून पाहिलं. जीभ गरम होती. तिने ते पदरात घेतलं.

घरी म्हैस दुभती होती. अंजनाने दुधात निम्मं कोमट पाणी घातलं, औषधाच्या रिकाम्या बाटलीत ते भरलं आणि तोंडाला चिंधीची घट्ट वात बसवली. कोकरू दोनदा ओकलं, मग वात चोखू लागलं. पुढे ते तिच्यामागे विहिरीपर्यंत जायचं. मेंढरांत सोडलं तर ओरडत परत यायचं.

"ह्येला आपुन मेंढरू हाय ह्येच ठावं न्हाई," केरबा हसत म्हणाला. "बापूला कळवा वयनी, घरात लेकरू आलंय म्हून."

बापू म्हणजे अंजनाचा नवरा नाथाजी. तो पलटणीबरोबर इटलीत होता. जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. मूल नव्हतं. सासू चंद्राबाईने केरबाचं बोलणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कोकराच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. नाथाजी सुखरूप घरी आला की हे म्हसोबाला कापायचं, असा नवस ती बोलली. तेव्हापासून अंजनाला नवऱ्याची वाट धड बघता येईना.

लढाई संपली. त्यांच्या गावचा, कुंडलचाच एक शिपाई आधी सुटून आला. नाथाजीचं जहाज निघालं असेल, दिवाळीला तो घरी असेल, असं त्याने सांगितलं. चंद्राबाईने सुरीला धार लावून आणली.

देवाला जनावर अखंड लागतं. शिंग मोडलेलं, कान तुटलेलं चालत नाही. केरबाकडे कोकरं पुष्कळ होती. हे खोडीचं निघालं तर सासू दुसरं घेईल, असं अंजनाला वाटलं. गोठ्यात तिने त्याला गुडघ्याखाली दाबलं आणि विळ्याने कानाचं टोक उडवलं. ते किंचाळलं आणि सुटल्यावर पुन्हा तिच्याच पदरात तोंड खुपसायला आलं. कुत्रं चावलं, असं तिने सासूला सांगितलं. चंद्राबाईने कानाची सरळ कड पाहिली.

दुसरं कोकरू बघायच्या आतच तार आली. शाळेच्या मास्तरांनी ती वाचली. नाथाजी जहाजावर काविळीने गेला होता.

बायका रडून आपापल्या घरी गेल्यावर चंद्राबाईने सुनेला समोर बसवलं.

"कान कवा कापलास?"

"आत्याबाई, कुत्र्यानं..."

"कवा?"

"सोमवारी."

"तारंत मंगळवार हाय."

त्यानंतर हा विषय तिने पुन्हा काढला नाही. केरबा कोकरू परत न्यायला आला तेव्हा मात्र तिने त्याला दारातच अडवलं.

"देवाला बोललेलं दुसऱ्याला द्यायचं न्हाई. आन आता देव बी घेत न्हाई. ऱ्हाऊ दे तिच्याम्होरं."

अंजनाने ते खुंट्याला बांधलं. ती दिसली की ते दावं ताणून ओरडायचं. ती वैरण टाकायची आणि पाठ फिरवायची.

थंडी पडायच्या आधी केरबाने त्याची पहिली लोकर कातरली. अंजनाने पाय धरले होते. काळी लोकर तागडीत घातली. अर्ध्या शेराला दोन तोळे कमी भरली. नवसाच्या कोकराचं घरात आलं ते एवढंच.