एका बोल्टाला लटकलेली चासी

‘गंजलेली चासी तुटल्यामुळे अपघात घडला, जखमी इसम स्वतःहून तिच्याखाली शिरला होता.’ मित्रांनो, चौकशी अहवालातील हे वाक्य मोठे घाटदार आहे. खरे मात्र नाही. मी एक जुनी चासी आहे, म्हणजे मोटारीचा खालचा लोखंडी सांगाडा, आणि मी कुठेही तुटलेली नाही.

कारखान्यात माझे कौतुक झाले ते वजन पेलण्याबद्दल. पुढे आयुष्यभर कौतुक झाले ते माझ्या पाठीवर बसलेल्या बॉडीचे. मग आम्ही दोघी एका घराच्या गॅरेजात कोंडल्या गेलो. चाके काढलेली, दार बंद, भिंत हातभर अंतरावर.

अखेर घरातल्या थोरल्याने आम्हाला वेगळे करून मोटार नवी करायचे मनावर घेतले. सुरुवात त्याने सीटखाली नवा गालिचा चिकटवून केली. पाया उकरण्याआधी कळस चढवणाऱ्यांची ही जात. मदतीला धाकटा भाऊ आला. तो शिंपी, त्याच्या घरची चूल त्याच्या उजव्या हातावर पेटत असे.

कप्पीची साखळी ओढताच बॉडी उचलली गेली आणि एका राहून गेलेल्या बोल्टाला लटकून माझा मागचा कोपराही वर आला. ना सुटलेली, ना टेकलेली, अशी मी अडकून राहिले. थोरल्याने धाकट्याला तो बोल्ट खालून चाचपायला सांगितले.

“दादा, आधी हिच्याखाली ठोकळे देऊ,” धाकटा म्हणाला.

“मोटारीच्या कामाला अंगुस्तान लागत नाही, शिंपीबुवा.”

धाकट्याने हात घातला. बोल्ट उपटून निघाला. मी पडले. लोखंडाला दया येऊन थांबता येत नाही. त्याची बोटे माझ्याखाली होती आणि मला तसूभरही सरकता येत नव्हते.

हात वाचला, सुई धरणारी बोटे गेली. भावाची अब्रू राखायला धाकटा गप्प राहिला, आणि त्या मौनाचे बक्षीस म्हणून घराने त्याला वेंधळा ठरवले.

मित्रांनो, ‘जुन्या वस्तूंची काळजी घ्या’ असे आम्ही वस्तूंनी म्हणायचा प्रघात आहे. माझी विनंती वेगळी आहे. आमचे राहू द्या. लटकत्या वजनाखाली जाणाऱ्या माणसासाठी आधी भक्कम आधार द्या.

परवा धाकट्याची बायको गॅरेजात आली. माझ्यावर तळवा ठेवून तिने शांतपणे विचारले, “भाऊजी, ही तुटली कुठे, तेवढं मला दाखवा.”

थोरला तिथेच होता. त्याचे शब्द जसेच्या तसे देते:

“तुटली नाही. बोल्ट कुठे राहिलाय ते मला माहीत होतं. वरून काढायचा तर गालिचा फाडावा लागला असता, म्हणून त्याला खाली घातलं.”